आधी प्रवाह ओळखा : चेहरा व तोंडातील रक्तवाहिन्यांच्या जन्मजात दोषांचे निदान आणि उपचार

गालावरची निळसर सूज, जिभेच्या कडेचा जांभळा फुगवटा, ओठावरचा लाल डाग किंवा काही कारण नसताना हिरडीतून येणारे रक्त, अशा तक्रारी घेऊन रुग्ण सर्वप्रथम पोहोचतो तो फॅमिली डॉक्टरकडे, बालरोगतज्ज्ञाकडे किंवा जवळच्या दंतवैद्याकडे. त्या पहिल्या भेटीत काय केले जाते, आणि त्याहूनही काय टाळले जाते, यावर पुढचे बरेच काही ठरते. हा लेख मुख्यतः त्या पहिल्या डॉक्टरसाठी आहे. पालकांनीही तो जरूर वाचावा, मात्र त्यातील औषधांच्या मात्रा घरी वापरण्यासाठी नाहीत. पुढे जे काही सांगितले आहे त्याचा पाया एकच नियम आहे : दोषातील रक्तप्रवाह वेगवान आहे की संथ, हे निश्चित होईपर्यंत सुई, ब्लेड आणि दात काढण्याचा चिमटा यांपैकी काहीही हातात घ्यायचे नाही.

पहिली पायरी : गाठ की रचनेतला दोष?

बोस्टनचे जॉन मुलिकन आणि ज्युली ग्लोवाकी यांनी १९८२ मध्ये या विकारांचे दोन गट पाडले. पहिल्या गटात वाहिन्यांच्या पेशी खरोखरच वाढत जातात, त्या गाठी होत, उदाहरणार्थ हिमॅन्जिओमा. दुसऱ्या गटात पेशी झपाट्याने वाढत नाहीत. वाहिन्या गर्भातच चुकीच्या घडलेल्या असतात आणि मूल वाढते त्या प्रमाणात तो दोषही वाढतो. यांनाच मालफॉर्मेशन म्हणतात. आज जगभर वापरले जाणारे आयएसएसव्हीए या आंतरराष्ट्रीय संस्थेचे वर्गीकरण याच विभागणीवर उभे आहे.

आपल्याकडे अजूनही प्रौढ रुग्णांच्या हातात ‘कॅव्हर्नस हिमॅन्जिओमा’ असे लिहिलेले जुने बायॉप्सीचे रिपोर्ट असतात. तिशीतल्या माणसाच्या गालातील निळी, मऊ सूज बहुतेक वेळा हिमॅन्जिओमा नसते. तो शिरांचा रचनादोष असतो. हा फरक केवळ कागदावरचा नाही. रिपोर्टवरील नावाला भुलून अशा रुग्णाला महिनोन्महिने प्रोप्रॅनोलॉल हे हिमॅन्जिओमावरचे औषध दिले जाते आणि त्याचा काहीही उपयोग होत नाही.

बाळाच्या बाबतीत विचारायचा प्रश्न असा : डाग जन्मतःच एवढा होता, की जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दिसू लागून भराभर वाढला? दुसरे उत्तर आले तर बाळांमधल्या हिमॅन्जिओमाची शक्यता मोठी. साधारणपणे शंभरातील चार ते पाच बाळांना तो होतो. मुलींमध्ये, अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांमध्ये त्याचे प्रमाण अधिक असते. सर्वात वेगाची वाढ पहिल्या दोन-तीन महिन्यांत होते, पाच महिन्यांपर्यंत बहुतेक वाढ पूर्ण होते आणि पहिल्या वाढदिवसाच्या आसपास तो हळूहळू ओसरू लागतो. ‘आपोआप जाईल, थांबा’ हा सल्ला पाठीवरच्या छोट्या डागाला चालेल. ओठ, नाकाचे टोक, पापणी आणि कानाजवळचा भाग यांना तो लागू करू नये. ओठावरचा हिमॅन्जिओमा फुटून जखम होते, बाळ दूध ओढेनासे होते, आणि गाठ ओसरल्यावरही सैल कातडी व बिघडलेली ओठांची रेघ कायमची मागे राहते.

अशा बाळाला शक्यतो महिनाभराचे असतानाच तज्ज्ञाकडे पाठवावे. सहाव्या महिन्यात पाठवले तर उपचाराची सर्वात चांगली वेळ टळून गेलेली असते. फ्रान्समधील बोर्दो येथे क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ आणि सहकाऱ्यांनी हृदयाच्या तक्रारीसाठी प्रोप्रॅनोलॉल दिलेल्या बाळाचा हिमॅन्जिओमा आक्रसताना पाहिला आणि २००८ मध्ये ते निरीक्षण प्रसिद्ध केले. तेव्हापासून तेच पहिल्या पसंतीचे औषध झाले आहे. दिवसाला दर किलो वजनामागे २ ते ३ मिलिग्रॅम ही मात्रा दोन-तीन वेळांत विभागून किमान सहा महिने द्यावी लागते. सुरू करण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून नाडी, रक्तदाब आणि छातीतील घरघर पाहून घ्यावी. आईला एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगावी लागते : औषध नेहमी दूध पाजताना किंवा लगेच नंतर द्यायचे, आणि बाळ उलट्या करत असेल, पीत नसेल किंवा त्याला धाप लागली असेल तर तो डोस चुकवायचा व डॉक्टरांना कळवायचे. रिकाम्या पोटी रक्तातील साखर उतरून बाळाला झटके येऊ शकतात, हा या औषधाचा खरा धोका आहे. प्रौढांच्या गोळीची पूड करून देण्याची वेळ आली, तर ती मात्रा औषधविक्रेत्याच्या अंदाजावर सोडू नये.

दोन प्रसंगी प्रोप्रॅनोलॉलचा पहिला डोस देण्याआधी थांबायचे. हनुवटी, खालचा ओठ आणि जबड्याच्या कडेवर, म्हणजे दाढीच्या जागी, हिमॅन्जिओमा पसरलेला असेल तर श्वासनलिकेतही तो असू शकतो. बाळाचा आवाज घोगरा असेल किंवा श्वास घेताना शीळ वाजत असेल तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे. चेहऱ्याचा मोठा पट्टा व्यापणारा हिमॅन्जिओमा असेल तर मेंदूच्या धमन्या, हृदय आणि डोळे यांतील दोष सोबत असण्याची शक्यता असते. या संचाला फेस सिंड्रोम म्हणतात, आणि त्यात मेंदू व मानेचा एमआरआय आणि हृदयाची इको झाल्याशिवाय औषध सुरू करणे धोक्याचे ठरते.

दुसरी पायरी : खुर्चीत बसवून काय पाहायचे

आता उरतात खरे रचनादोष. ते चार प्रकारचे असतात : केशवाहिन्यांचे, शिरांचे, लसीकावाहिन्यांचे (लिम्फॅटिक) आणि धमनी-शिरा एकमेकींना थेट जोडल्या गेल्याने झालेले. पहिले तीन संथ प्रवाहाचे, चौथा वेगवान. हे प्रकार ओळखायला बहुतेक वेळा महागडी यंत्रणा लागत नाही. चांगला प्रकाश, काचेची स्लाइड, स्टेथोस्कोप आणि पाच मिनिटांचा धीर पुरतो.

सर्वप्रथम फोटो घ्यावा, मापनाची पट्टी शेजारी धरून. मग रुग्णाला खुर्चीत बसवून, डोके गुडघ्यांकडे झुकवून मिनिटभर तसेच ठेवावे आणि पुन्हा फोटो घ्यावा. शिरांचा दोष असेल तर सूज डोळ्यांदेखत टरारून वाढते आणि निळी होते. डोके वर केल्यावर ती हळूहळू उतरते. तान्ह्या बाळाला असे झुकवता येत नाही, पण रडण्याने तेच काम होते. सूज बोटाने दाबली असता रिकामी होते व सोडल्यावर पुन्हा भरते, आणि तिच्यात काही मिलिमीटरचे टणक गोळे लागले तर निदान जवळपास झालेच. रक्त साकळून त्यांवर चुना साचलेले ते खडे असतात. ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये ते वर्तुळात वर्तुळ असे दिसतात आणि अनेकदा लाळग्रंथीतील खडा समजले जातात. अशा रुग्णाला विचारले तर तो सांगतो की सकाळी उठल्यावर गाल जड वाटतो, आणि अधूनमधून एक टणक, दुखरी गुठळी येऊन आठवड्याभरात विरते.

नंतर काचेची स्लाइड लाल किंवा जांभळ्या भागावर दाबावी. वाहिन्यांमधले रक्त असेल तर रंग उडतो, कातडीत झिरपलेले रक्त किंवा चांदीच्या भरावाचा डाग असेल तर उडत नाही. मात्र इथे एक इशारा आवश्यक आहे. तंबाखू, गुटखा किंवा मिश्री वापरणाऱ्या माणसाच्या गालफडातील मखमली लाल चट्टा रंग उडतो की नाही यावरून रक्तवाहिन्यांचा ठरवू नये. तो कर्करोगपूर्व असू शकतो आणि त्याची बायॉप्सी झालीच पाहिजे. वयस्कर माणसाच्या जिभेखालील फुगलेल्या निळ्या शिरा आणि ओठावरचा उन्हाने आलेला छोटा निळा ठिपका मात्र बहुधा निरुपद्रवी असतात.

जिभेवर पारदर्शक व काही लालसर छोट्या फोडांचा थर, भिजवलेला साबुदाणा पसरून त्यात मधूनमधून रक्ताचे थेंब पडावेत तसा, दिसला तर तो लसीकावाहिन्यांचा बारीक पोकळ्यांचा दोष. अशी जीभ जाड, खरखरीत असते, मूल ती तोंडाबाहेर ठेवते, पुढचे दात उघडे राहतात आणि खालचा जबडा लांबत जातो. सर्दी-खोकल्यात किंवा दाढ दुखत असताना ती एका रात्रीत दुप्पट होते. मानेत किंवा जबड्याखाली मोठ्या पोकळ्या असतील तर मऊ, प्रकाश आरपार जाऊ देणारी सूज असते. सूज दाबून रिकामी होत नाही, हा शिरांच्या दोषापासूनचा फरक.

केशवाहिन्यांचा दोष म्हणजे जन्मापासूनचा सपाट, गुलाबी ते गर्द वाइनच्या रंगाचा डाग. गडद वर्णावर तो तपकिरी भासतो आणि सहज नजरेतून निसटतो. तोंडात पाहायला विसरू नये, कारण त्याच बाजूची हिरडी व टाळूही लाल आणि फुगीर असतात. पुढे वयाबरोबर ओठ जाड होतो आणि वरचा जबडा त्या बाजूने वाढतो. डाग कपाळावर असेल, तर स्टर्ज-वेबर विकाराचा विचार करून जन्मानंतर लगेच डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा आणि पुढेही तो नियमित तपासत राहावा. काचबिंदू व झटके ही त्यातील दोन मोठी संकटे आहेत. या विकारातील जीएनएक्यू जनुकाचा बदल २०१३ मध्ये सापडला. झटक्यांवर फेनिटॉइन चालू असेल तर हिरडीची सूज दोषामुळे आहे की औषधामुळे, हा गुंता होतो. त्यात औषधाला दोष देणे सोपे वाटते, पण बदल मेंदूविकारतज्ज्ञाशी बोलल्यावरच करावा.

तिसरी पायरी : वेगवान प्रवाहाची चिन्हे

या पायरीवर वेळ घालवायला हवा, कारण इथली चूक जिवावर बेतते. धमनी-शिरा दोषावरची कातडी शेजारच्या भागापेक्षा गरम लागते. बोटांना नाडीसारखे ठोके लागतात, कधी थरथर लागते, आणि स्टेथोस्कोपने ‘घुरघुर’ ऐकू येते. रुग्ण स्वतःच सांगतो, ‘रात्री उशीवर कान टेकला की धडधड ऐकू येते.’ लहानपणी हा दोष साधा लालसर डाग वाटतो आणि म्हणूनच केशवाहिन्यांच्या डागाशी गफलत होते. वयात येताना, गरोदरपणात, किंवा मार लागल्यावर आणि अर्धवट शस्त्रक्रियेनंतर तो जागा होतो. शोबिंगर यांनी याच्या चार अवस्था सांगितल्या : शांत, वाढीची, ऊती नष्ट होण्याची व जखमा-रक्तस्रावाची, आणि शेवटी हृदयावर ताण येण्याची.

जबड्याच्या हाडातला असा दोष सर्वात फसवा असतो. बाहेर काहीच दिसत नाही. दहा-बारा वर्षांचे मूल येते, दाढेभोवतीची हिरडी वारंवार रक्ताळते, सकाळी उशीवर रक्ताचा डाग असतो, आणि ती दाढ किंचित हलते. दाढ बोटाने खाली दाबून सोडावी : ती आपली आपण वर येते आणि ठोक्याच्या लयीत हलते. एक्स-रेमध्ये कधी हाडात फेसासारखे कप्पे दिसतात, कधी मुळे झिजलेली, कधी खालच्या जबड्यातील नसेची नळी रुंदावलेली, आणि कधी जवळपास काहीच नाही. अॅमेलोब्लास्टोमासारख्या गाठीही तशाच दिसतात.

म्हणूनच दंतशिबिरांबद्दल स्पष्ट मत मांडणे भाग आहे. शाळेच्या मैदानात मंडप टाकून, एक्स-रेची सोय नसताना, मुलाची हलणारी कायमची दाढ काढणे ही बेपर्वाई आहे, कितीही सेवाभावाने केलेली असली तरी. दुधाचा दात नैसर्गिकरित्या हलतो. कायमचा दात कीड किंवा हिरडीचा आजार नसताना हलत असेल, आणि त्यातून आपोआप रक्त येत असेल, तर ओपीजी पाहिल्याशिवाय तो काढायचा नाही. शिबिरात असे मूल दिसले तर नाव लिहून घेऊन तालुक्याला पाठवावे.

तोंडात व ओठांवर बारीक लाल ठिपके, वारंवार नाकातून घोणा फुटणे आणि घरातल्या आणखी कोणाला तीच तक्रार, असा त्रिकूट जमला तर आनुवंशिक रक्तस्रावी टेलँजिएक्टेसिया या विकाराचा विचार करावा. त्याच्या निदानाच्या क्युरासाओ निकषांत चार मुद्दे आहेत : घोणा, ठिपके, आतल्या अवयवांतील दोष आणि जवळच्या रक्ताच्या नात्यातील इतिहास. तीन जमले तर निदान निश्चित. अशा रुग्णाच्या फुफ्फुसात धमनी-शिरा दोष असेल तर दात काढताना रक्तात गेलेले जंतू थेट मेंदूत पोहोचून गळू होऊ शकते. म्हणून बबल इकोने (शिरेतून बुडबुडे मिसळलेले सलाईन देऊन केलेल्या इकोने) फुफ्फुस तपासून घ्यावे आणि दोष असल्यास दंतोपचारापूर्वी प्रतिजैविक द्यावे. याउलट, अंगावर अनेक छोटे गुलाबी डाग, त्यांभोवती फिकट कडा आणि चेहऱ्यावर वेगवान दोष असल्यास आरएएसए१ जनुकाशी निगडित कौटुंबिक विकार असू शकतो.

चौथी पायरी : तपासण्या, योग्य क्रमाने

सर्वप्रथम डॉप्लर सोनोग्राफी. ती स्वस्त असते, जिल्ह्याच्या ठिकाणी मिळते आणि आपल्याला हवे असलेले एकच उत्तर देते : प्रवाह वेगवान आहे की संथ. फॉर्मवर नुसते ‘गालाची सूज’ असे न लिहिता ‘डॉप्लरसह, धमनी-शिरा जोड आहे का’ असा प्रश्न लिहावा. प्रश्न विचारला नाही तर उत्तरही मिळत नाही. लसीकावाहिन्यांच्या पोकळीत प्रवाह दिसत नाही, शिरांच्या दोषात संथ व दाबल्यावर वाढणारा दिसतो, धमनी-शिरा दोषात धमनीसारखी लहर शिरेतही उमटते. फक्त एक सावधगिरी : वाढीच्या काळातील हिमॅन्जिओमातही प्रवाह वेगवान असतो, पण तिथे घट्ट, भरीव गाठ असते, तर धमनी-शिरा दोषात वाहिन्यांचे जाळे असते व गाठ नसते.

खोली आणि शेजारच्या अवयवांशी असलेले नाते पाहायला चरबीचा सिग्नल दडपलेला टी-टू एमआरआय आणि गॅडोलिनियम हे रंगद्रव्य देऊन घेतलेली चित्रे लागतात. शिरांचा दोष त्यात पांढराशुभ्र दिसतो आणि रंगद्रव्य हळूहळू भरते; वेगवान दोषात वाहिन्यांच्या जागी काळ्या पोकळ रेषा दिसतात. हाडाच्या दोषासाठी सीटी अँजिओग्राफी उपयुक्त ठरते. कॅथेटर घालून केलेली अँजिओग्राफी ही निदानापेक्षा उपचाराची पायरी आहे. केवळ बघण्यासाठी ती करू नये.

रक्ताच्या तपासण्यांत शिरांच्या दोषासाठी डी-डायमर व फायब्रिनोजेन या रक्त साकळण्याशी संबंधित चाचण्या मोलाच्या ठरतात. मोठ्या दोषात साकळणाऱ्या रक्तामुळे डी-डायमर वाढतो, आणि अशा रुग्णात शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तस्रावाचा धोका वाढलेला असतो. म्हणून हे आतल्या आत साकळणे थांबवण्यासाठी शस्त्रक्रियेपूर्वी लो मॉलिक्युलर वेट हेपॅरिन रक्तविकारतज्ज्ञाच्या सल्ल्याने दिले जाते.

बायॉप्सीची गरज क्वचितच पडते. निदानात शंका असेल, गाठ भरीव असेल, झपाट्याने वाढत असेल किंवा कर्करोगाची शक्यता असेल तर ती हवी, पण ती शस्त्रक्रियागृहात व प्रवाह ठाऊक झाल्यावर. जबड्यातील अनोळखी पोकळी उघडण्याआधी सुईने आत काय आहे ते खेचून पाहण्याची सवय चांगली आहे. मात्र तीही रुग्णालयातच, कारण लखलखीत लाल रक्त दाबाने येऊ लागले तर काम तिथेच थांबवून दाब देता आला पाहिजे.

पाचवी पायरी : प्रकारानुसार उपचार

लहान, न दुखणारा, न दिसणारा संथ दोष केवळ निरीक्षणात ठेवणे हाही उपचारच आहे. रुग्णाच्या आग्रहाखातर त्याला छेडणे अनेकदा महागात पडते.

शिरांच्या दोषावर आज मुख्य उपचार स्क्लेरोथेरपीचा आहे. सोनोग्राफी किंवा एक्स-रेच्या देखरेखीखाली पोकळीत औषध टोचून तिच्या भिंती चिकटवल्या जातात. सोडियम टेट्राडेसिल सल्फेट किंवा पॉलिडोकॅनॉलचा फेस करून वापरला जातो. ब्लिओमायसिनमुळे सूज कमी येते, म्हणून जीभ, घसा आणि डोळ्याजवळच्या दोषांत त्याला पसंती मिळते. ब्लिओमायसिन दिल्यावर त्वचेला चिकटपट्टी, घर्षण किंवा ओरखडा लागलेल्या जागी काळे पट्टे उमटतात, म्हणून ईसीजीचे चिकट इलेक्ट्रोड व टेप काळजीपूर्वक काढावे. गोऱ्या-सावळ्या कुठल्याही त्वचेत ते डाग दीर्घकाळ राहतात. फुफ्फुसांवर होणाऱ्या परिणामामुळे त्याची आयुष्यभराची एकूण मात्राही नोंदवून ठेवावी लागते. अल्कोहोल सर्वात परिणामकारक आणि सर्वात धोकादायक : मज्जातंतू जळतो, त्वचा मरते, हृदय थांबते. एका वेळी दर किलोमागे १ मिलिलिटरची मर्यादा ओलांडायची नाही आणि ते काम अनुभवी हातांचेच आहे.

रुग्णाला आधीच सांगावे की एका बैठकीत काम होत नाही, बैठकांमध्ये सहा ते आठ आठवड्यांचे अंतर असते, आणि इंजेक्शननंतर काही दिवस सूज आधीपेक्षा वाढते. जीभ, तोंडाचा तळ किंवा घशातला दोष असेल तर ही वाढ श्वास रोखू शकते. भूलतज्ज्ञाला आधी कळवून, दुर्बिणीने नळी घालण्याची तयारी ठेवूनच उपचार करावा. आडवे झाल्यावर हे दोष आणखी फुगतात, हे भूल देणाऱ्याला माहीत असायलाच हवे. ओठाच्या आतील उथळ, मर्यादित दोषाला एनडी-याग लेझर उत्तम चालतो. शस्त्रक्रिया साधारणपणे स्क्लेरोथेरपीनंतर उरलेला भाग काढण्यासाठी, ओठाचा आकार सुधारण्यासाठी किंवा पूर्ण निघू शकेल अशा छोट्या दोषासाठी राखून ठेवावी.

लसीकावाहिन्यांच्या मोठ्या पोकळ्या ब्लिओमायसिन, डॉक्सिसायक्लिन किंवा ओके-४३२ या टोचायच्या औषधांना चांगला प्रतिसाद देतात. बारीक पोकळ्यांचा जिभेवरचा दोष मात्र चिवट असतो. त्यात आता सिरोलिमस तोंडी दिले जाते : रक्तातील पातळी, कोलेस्टेरॉल व पेशींची संख्या नियमित तपासावी लागते, तोंडाला छाले पडतात आणि या काळात जिवंत लसी देता येत नाहीत. पीआयके३सीए जनुकाशी निगडित वाढीच्या विकारांसाठी अमेरिकेत एप्रिल २०२२ मध्ये अल्पेलिसिबला मंजुरी मिळाली. हे औषध अद्याप मोजक्याच केंद्रांत वापरले जाते. जबड्याची वाढ व दातांची ठेवण सुधारणारी शस्त्रक्रिया मूल मोठे झाल्यावर, जीभ आटोक्यात आल्यावर करावी. आधी केली तर जीभ पुन्हा तोच जबडा ढकलते.

केशवाहिन्यांच्या डागावर ५८५ ते ५९५ नॅनोमीटरचा पल्स्ड डाय लेझर दिला जातो, शक्यतो लहानपणी सुरू करून. आपल्या सावळ्या-गव्हाळ वर्णात डाग फिका होण्यास अधिक वेळ लागतो आणि रंगद्रव्याचे बदल जास्त होतात, याची पूर्वकल्पना द्यावी. पूर्णपणे पुसून टाकण्याचे आश्वासन देऊ नये.

वेगवान दोषाला वेगळे शास्त्र लागते. ऑनिक्स किंवा एन-ब्युटाइल सायनोॲक्रिलेट यांसारखी द्रव्ये कॅथेटरमधून सोडून दोषाचा गाभा बंद केला जातो आणि आवश्यक असल्यास पुढील एक ते तीन दिवसांत शस्त्रक्रियेने तो काढला जातो. फक्त बाहेरच्या धमन्या बंद करून उपयोग नसतो. बाह्य कॅरोटिड धमनी बांधणे तर घातक ठरते, कारण शरीर नव्या वाहिन्यांचा मार्ग शोधते, दोष आणखी भडकतो, आणि नंतर कॅथेटर नेण्याची वाटच बंद झालेली असते. पूर्वी असे बांधले गेलेले रुग्ण आजही येतात आणि त्यांच्यावर उपचार करणे अवघड होऊन बसते.

सहावी पायरी : रक्तस्राव झाल्यास, त्या क्षणी

दात काढला आणि खोबणीतून रक्ताची धार उसळली, तर घाबरून तोंडात बघत बसू नये. काढलेला दात जपून ठेवला असेल तर तोच खोबणीत परत बसवून, त्यावर घट्ट गुंडाळलेला गॉज ठेवून रुग्णाला जोरात दात चावायला लावावे. दात हाताशी नसेल तर ऑक्सिडाइज्ड सेल्युलोज किंवा जिलेटिनचा स्पंज, त्यावर गॉज आणि बोटाचा सलग दाब. रुग्णाला झोपवू नये. पुढे वाकून बसवावे किंवा कुशीवर करावे, म्हणजे रक्त श्वासनलिकेत जाणार नाही. गॉज ‘थांबले का’ हे पाहण्यासाठी उचलू नये. दोन जाड सलाईनच्या सुया, रक्तगटासाठी नमुना, ट्रॅनेक्झॅमिक आम्ल (प्रौढाला १ ग्रॅम, मुलाला वजनानुसार) शिरेतून सावकाश, आणि एकीकडे १०८ ला फोन. जिथे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीची, म्हणजे कॅथेटरने वाहिनी बंद करण्याची, सोय आहे अशा रुग्णालयालाच थेट फोन करून रुग्ण पोहोचण्याआधी कळवावे. मध्ये दोन ठिकाणी फिरण्यात मोलाचा वेळ जातो.

सातवी पायरी : पाठवताना, आणि नंतरही

सरकारी यंत्रणेचा उपयोग करून घेता येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडी व शाळांतून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात आणि तिथून जिल्हा लवकर हस्तक्षेप केंद्राकडे मूल पाठवता येते. पुढे मोठ्या शासकीय वैद्यकीय व दंत महाविद्यालयांत उपचार होतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेखाली कोणत्या शस्त्रक्रिया बसतात याची चौकशी आधीच आरोग्यमित्राकडे करून ठेवली तर कुटुंबाची फरफट वाचते. चिठ्ठीत इतके तरी असावे : दोष केव्हापासून दिसतो, डोके झुकवल्यावरचे दोन फोटो, ठोके-घुरघुर आहे की नाही, आधी कुठे सुई, डाग देणे किंवा शस्त्रक्रिया झाली, आणि डॉप्लरचा निष्कर्ष. घरगुती डागण्या व लेप यांचा उल्लेख पालक लाजून टाळतात. समजुतीने विचारावे, कारण त्या जखमांनी चित्र बदलते.

वेगवान दोष असलेल्या रुग्णाच्या दातांची निगा मुद्दाम राखावी. अशा तोंडात कीड लागू न देणे सोपे, दात काढणे अवघड. कीड लागलीच तर रूट कॅनॉल करून दात वाचवावा आणि जबड्याच्या नसेचा खोल बधिरतेचा ब्लॉक टाळून दातालगतच्या बंधातून बधिरता द्यावी. मुलींना वयात येताना आणि लग्नानंतर गरोदरपणाचा विचार करताना पुन्हा तपासणीस यायला सांगून ठेवावे. शांत वाटणारा दोष त्या काळात वाढतो, आणि बंद केलेला धमनी-शिरा दोष वर्षांनंतरही परत उघडतो. म्हणून वर्षातून एकदा त्याच पट्टीसह, त्याच कोनातून फोटो आणि डॉप्लर, हे किमान एक दशकभर तरी सुरू ठेवावे.